लॅपटॉपमधल्या खाचेची कहाणी

आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला, किंवा कुणी देणगी म्हणून दिलेला, एखादा लॅपटॉप आता बहुतेक शाळांच्या कपाटात सापडतो. तो चालतो, पण सुरू व्हायला इतका वेळ लावतो की तासाची पहिली दहा मिनिटे त्यातच जातात. त्यात मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११ बऱ्याच जुन्या यंत्रांना आपल्या दारात उभे करत नाही. अशा वेळी मुख्याध्यापकांपुढे प्रश्न येतो : हे यंत्र भंगारात काढायचे, की त्यातले एकदोन भाग बदलून आणखी काही वर्षे वापरायचे?

या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या वयावर अवलंबून असावे, असे आपल्याला सहज वाटते. प्रत्यक्षात तसे नसते. २०१२ साली बनलेले दोन लॅपटॉप शेजारी ठेवले, तर एकाच्या तळाचे झाकण काढून अर्ध्या तासात त्याची मेमरी वाढवता येते आणि हार्ड डिस्क बदलता येते. दुसऱ्याची मेमरी मात्र मुख्य मंडलपट्टीवर कायमची डाखलेली असते आणि बॅटरी कवचाला चिकटवलेली असते. दोघांचे वय एकच, पण एकाला दुसरे आयुष्य मिळू शकते आणि दुसऱ्याला नाही. फरक आहे तो एका साध्या गोष्टीचा. जुना भाग जिथून निघतो आणि नवा जिथे बसतो, ती खाच आहे की नाही, एवढाच. ही खाच लॅपटॉपमध्ये आली कशी, पुढे नाहीशी का होऊ लागली आणि आता पुन्हा का येऊ पाहत आहे, याचा मागोवा या लेखात घेऊ या.

जन्मतः बंद पेटी

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आय.बी.एम. कंपनीने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. त्याच्या पेटीत जास्तीची कार्डे बसवण्यासाठी पाच खाचा होत्या. कंपनीने त्याचे तांत्रिक माहितीपुस्तकही विकत मिळेल असे ठेवले होते आणि त्यात मंडलाच्या आकृत्या छापल्या होत्या. त्यामुळे कोणतीही छोटी कंपनी त्या खाचेत बसेल असे कार्ड बनवू शकत होती. टेबलावरच्या संगणकाची भरभराट झाली त्यात या मोकळेपणाचा वाटा फार मोठा होता.

नेण्याजोग्या संगणकांची वाट मात्र वेगळी होती. एप्रिल १९८१ मध्ये ॲडम ऑस्बोर्न यांनी 'ऑस्बोर्न १' हा संगणक दाखवला. (या ऑस्बोर्न यांचे बालपण तमिळनाडूत गेले आणि २००३ साली त्यांचे निधनही कोडाईकॅनालला झाले.) शिवणयंत्राच्या पेटीसारखा दिसणारा हा संगणक ११ किलो वजनाचा होता, त्याचा पडदा अवघा ५ इंचांचा होता आणि त्यात बॅटरी नव्हती. किंमत होती १,७९५ डॉलर. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, 'ग्रिड कंपास' आला. बिल मॉग्रिज यांनी त्याची रचना अशी केली की पडदा कीबोर्डवर शिंपल्यासारखा मिटावा. आजही प्रत्येक लॅपटॉप तसाच मिटतो. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे कवच असलेल्या या यंत्राची किंमत ८,००० डॉलरहून अधिक होती. अमेरिकेच्या स्पेस शटल यानांवरही त्याचा वापर झाला.

१९८५ साली तोशिबा कंपनीचा टी ११०० आला. तो सुमारे ४ किलो वजनाचा, बॅटरीवर चालणारा आणि आय.बी.एम.च्या संगणकाशी जुळणारा होता. त्याची मेमरी २५६ किलोबाइट होती आणि ती ५१२ किलोबाइटपर्यंत वाढवता येई. म्हणजे मेमरी वाढवण्याची सोय लॅपटॉपमध्ये अगदी आरंभापासून होती. अडचण वेगळीच होती. त्या काळात प्रत्येक कंपनी आपल्या यंत्रासाठी आपल्याच मापाचे मेमरी कार्ड बनवी. एका कंपनीचे कार्ड दुसरीच्या यंत्रात बसत नसे, इतकेच काय, एकाच कंपनीच्या दोन नमुन्यांतही पुष्कळदा बसत नसे. यंत्राचे उत्पादन थांबले की त्याचे कार्डही बाजारातून नाहीसे होई. खाच होती, पण तिच्या मापावर एकमत नव्हते, आणि एकमत नसलेली खाच जुन्या यंत्राला पाच-सात वर्षांनी काहीच उपयोगाची नसते. हा मुद्दा आपण ध्यानात ठेवू, कारण पुढची सारी कहाणी याच एकमताभोवती फिरते.

कंपनी बुडाली, माप टिकले

पहिले महत्त्वाचे एकमत झाले ते हार्ड डिस्कच्या आकारावर, आणि ते कुणी सभा भरवून ठरवले नव्हते. अमेरिकेतील प्रेअरीटेक नावाच्या एका छोट्या कंपनीने १९८८ साली अडीच इंची तबकडीची पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २० मेगाबाइट माहिती मावत असे. आजच्या मोबाइलने काढलेली पाच-सहा छायाचित्रेही त्यात जेमतेम मावतील. पण लॅपटॉप बनवणाऱ्यांना हवी होती तशी ती लहान होती. इतर कंपन्यांनी तोच आकार उचलला. प्रेअरीटेक १९९१ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण तिने रूढ केलेला आकार मात्र राहिला.

सुमारे ७० मिलिमीटर रुंदी आणि १०० मिलिमीटर लांबी ही ती मापे. जाडी काळानुसार १९ मिलिमीटरवरून १२.५, ९.५ आणि ७ मिलिमीटरपर्यंत कमी होत गेली, जोडणीही बदलली, पण लांबी-रुंदी बदलली नाही. याचा फायदा पुढे वीस वर्षांनी झाला. २००८ साली इंटेल कंपनीने ८० गिगाबाइटची एक नवी डिस्क विकायला काढली. तिच्यात फिरणारी तबकडी नव्हती, माहिती अर्धवाहक चिपांमध्ये साठवली जात होती. अशा डिस्कला आपण एस.एस.डी. म्हणतो. तिच्या आत तबकडी नसल्याने ती कोणत्याही आकाराची बनवता आली असती. तरी ती बनवली गेली त्याच ७० बाय १०० च्या मापाची, कारण लाखो लॅपटॉपमध्ये त्या मापाची जागा तयार होती. साटा नावाची जोडणी असलेल्या कोणत्याही लॅपटॉपमधून जुनी डिस्क काढावी आणि ही बसवावी, इतके ते सोपे झाले.

चुकीची पट्टी बसूच नये म्हणून

दुसरे एकमत मात्र सभा-समित्यांतून झाले. खिशातल्या ओळखपत्राएवढ्या, म्हणजे ८५.६ बाय ५४ मिलिमीटर मापाच्या मेमरी कार्डांसाठी १९८९ साली अमेरिकेत पी.सी.एम.सी.आय.ए. ही संघटना स्थापन झाली. जपानमधील तशाच संघटनेशी बोलणी करून तिने १९९० साली ६८ पिनांच्या कार्डाचे मानक प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी त्यात सुधारणा झाली आणि त्याच खाचेत मोडेम किंवा नेटवर्कची कार्डेही बसू लागली. लॅपटॉप विकत घेताना जी सोय नव्हती ती नंतर बाहेरून घालता येणे, हे या खाचेमुळे प्रथमच सर्वसामान्य झाले.

यंत्राच्या आतली मुख्य मेमरी अशीच एका मानकात आली. अर्धवाहक उद्योगातील जेडेक ही मानक ठरवणारी संस्था १९५८ पासून काम करते. लॅपटॉपसाठी लहान आकाराची मेमरी पट्टी कशी असावी हे तिने ठरवून दिले. या पट्टीला एस.ओ.-डिम असे नाव आहे. आधी ७२ पिनांची, मग १४४ पिनांची, नंतर डी.डी.आर. व डी.डी.आर.२ साठी २०० पिनांची, डी.डी.आर.३ साठी २०४, डी.डी.आर.४ साठी २६० आणि डी.डी.आर.५ साठी २६२ पिनांची पट्टी आली.

पट्टीच्या पिनांच्या कडेला एक छोटी चीर असते. वर्गात एखादी निकामी पट्टी दाखवता आली, तर विद्यार्थ्यांना ही चीर अवश्य दाखवावी. प्रत्येक पिढीत तिची जागा थोडी सरकवलेली असते आणि खाचेत तेवढ्याच जागी एक उंचवटा असतो. त्यामुळे चुकीच्या पिढीची पट्टी आत जातच नाही. याची गरज का? डी.डी.आर. ला २.५ व्होल्ट लागत, डी.डी.आर.२ ला १.८, डी.डी.आर.३ ला १.५ आणि डी.डी.आर.४ ला १.२ व्होल्ट. एका पिढीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसली असती, तर जास्त दाबाने ती जळण्याचा धोका होता. व्होल्टेज कमी करत नेण्याचे कारणही विज्ञानाच्या शिक्षकांना ओळखीचे आहे. बाकी सारे सारखे राहिले तर खर्च होणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १.५ चा वर्ग २.२५ आणि १.२ चा वर्ग १.४४, म्हणजे तेवढ्या बदलानेच शक्ती ६४ टक्क्यांवर येते. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला ही बचत मोलाची होती.

या मानकांचा परिणाम बाजारात लगेच दिसतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात जाऊन आपण मेमरीची पट्टी मागतो, तेव्हा दुकानदार लॅपटॉपच्या कंपनीचे नाव विचारण्याआधी पिढी कोणती ते विचारतो. पट्टी कुणी बनवली आणि लॅपटॉप कुणी बनवला याचा संबंधच तुटलेला असतो. म्हणून वापरलेल्या, जुन्या पट्ट्यांनाही किंमत येते आणि एका मेलेल्या लॅपटॉपचा अवयव दुसऱ्याला उपयोगी पडतो.

वेगळ्या निघणाऱ्या भागांचा आणखी एक फायदा २००६ साली दिसला. सोनी कंपनीने बनवलेल्या लिथियम-आयन घटांपैकी काहींत दोष निघाला आणि ते पेटण्याचा धोका असल्याचे लक्षात आले. डेल कंपनीने ऑगस्ट २००६ मध्ये ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या, नंतर इतर कंपन्यांनीही तसेच केले. पण त्या काळच्या बहुतेक लॅपटॉपची बॅटरी एक कळ सरकवली की हातात येत असे. ग्राहकांना सांगण्यात आले की बॅटरी काढून ठेवा, यंत्र विजेच्या तारेवर चालवा, नवी बॅटरी मिळेल. लाखो यंत्रे दुरुस्तीला पाठवावी लागली नाहीत. बॅटरी आत चिकटवलेली असती तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

जुने यंत्र हळू का चालते?

इथे थोडे थांबून एक हिशेब करू, कारण कोणता भाग बदलायचा हे त्यावरून ठरते. लॅपटॉप हळू झाला की प्रोसेसर जुना झाला असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा खरा दोष दुसरीकडे असतो.

लॅपटॉपमधील हार्ड डिस्कची तबकडी सामान्यतः मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११.१ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचनशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ५.६ मिलिसेकंद थांबावे लागते. त्याआधी शीर्ष योग्य वर्तुळावर सरकवायला सुमारे १२ मिलिसेकंद जातात. एकूण झाले १७ मिलिसेकंदांहून थोडे अधिक. म्हणजे विखुरलेली माहिती वाचायची असेल तर ही डिस्क सेकंदाला साठाच्या आसपासच तुकडे वाचू शकते. एस.एस.डी.त काहीच फिरत नाही. तिला एका तुकड्यासाठी साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो. मेमरीला त्याच कामासाठी १०० नॅनोसेकंद पुरतात.

हे आकडे फार लहान असल्याने मनात ठसत नाहीत. म्हणून त्यांचे प्रमाण वाढवू. मेमरीला लागणारा वेळ १ सेकंद मानला, तर एस.एस.डी.ला १,००० सेकंद, म्हणजे सुमारे १७ मिनिटे लागतील. फिरत्या हार्ड डिस्कला लागतील १,७०,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ दोन दिवस! टेबलावरचे पुस्तक उचलणे, कोपऱ्यावरच्या वाचनालयातून आणणे आणि परगावाहून मागवणे, यांत जेवढा फरक तेवढा हा.

आता मेमरी कमी पडली की काय होते ते पाहा. एकाच वेळी बरेच कार्यक्रम उघडले आणि ४ गिगाबाइट मेमरी भरली, की संगणक त्यातील लगेच न लागणारा मजकूर डिस्कवर हलवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. म्हणजे जे काम एका सेकंदाचे, ते दोन दिवसांचे होऊन बसते. प्रोसेसर बिचारा बहुतेक वेळ वाट पाहण्यातच घालवतो. म्हणूनच मेमरी ४ वरून ८ गिगाबाइट करणे आणि हार्ड डिस्कच्या जागी एस.एस.डी. बसवणे, हे दोन बदल जुन्या लॅपटॉपला जेवढे तारतात तेवढे दुसरे काहीच तारत नाही. एक मेमरीतून बाहेर जाण्याच्या खेपा कमी करतो, दुसरा प्रत्येक खेप छोटी करतो.

खाच का गेली?

इतकी उपयोगी खाच मग काढून का टाकली? जानेवारी २००८ मध्ये ॲपल कंपनीचा मॅकबुक एअर आला. तो कागदी पाकिटातून बाहेर काढून दाखवला गेला होता, इतका तो पातळ होता. त्याची २ गिगाबाइट मेमरी मंडलपट्टीवरच डाखलेली होती. जून २०१२ मध्ये त्याच कंपनीच्या मॅकबुक प्रो रेटिना या नमुन्यात मेमरी डाखलेली, बॅटरी चिकटवलेली आणि एस.एस.डी. वेगळ्याच मापाची होती. यंत्रे उघडून त्यांना दुरुस्तीसाठी गुण देणाऱ्या आयफिक्सिट या कंपनीने त्याला १० पैकी १ गुण दिला. इंटेलने २०११ पासून 'अल्ट्राबुक' या नावाने पातळ लॅपटॉपांचा पुरस्कार केला आणि इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या. प्रोसेसरचेही तेच झाले. चौथ्या पिढीपर्यंत इंटेलचे काही लॅपटॉप प्रोसेसर खाचेत बसणारे मिळत. पाचव्या पिढीपासून ते सारे डाखलेलेच आले.

यामागे कंपन्यांचा स्वार्थ नव्हता असे म्हणता येणार नाही. मेमरी नंतर वाढवता येत नसेल तर ग्राहकाला ती विकत घेतानाच, कंपनी मागेल त्या किमतीला घ्यावी लागते, आणि ती कमी पडू लागली की नवे यंत्र घ्यावे लागते. काही कंपन्यांनी तर खाच ठेवूनही तिला कुलूप लावले. बिनतारी जाळ्याचे कार्ड आपल्या यादीतले नसेल तर यंत्र सुरूच होऊ नये, अशी आज्ञा त्यांनी यंत्राच्या मूळ आज्ञावलीतच लिहिली. हा अडथळा स्क्रू-ड्रायव्हरने दूर होण्यासारखा नव्हता.

पण सगळा दोष स्वार्थावर ढकलणे शास्त्राला धरून होणार नाही. मेमरीची पट्टी आणि तिची खाच मिळून सुमारे ४ मिलिमीटर उंची घेतात. पातळ यंत्रात तेवढी जागाही महाग असते. त्याहून मोठे कारण वेगाचे आहे. आजची कमी शक्तीची मेमरी एका तारेवरून सेकंदाला ६४० कोटी बिट पाठवू शकते. म्हणजे एका बिटाला मिळतात फक्त ०.१५६ नॅनोसेकंद. मंडलपट्टीवरून विद्युत संदेश प्रकाशाच्या साधारण निम्म्या वेगाने, नॅनोसेकंदाला सुमारे १५ सेंटिमीटर जातो. म्हणजे एक बिट संपून दुसरा सुरू होईपर्यंत संदेश अवघा २.३ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. आपली मेमरीची पट्टी जवळजवळ ७ सेंटिमीटर रुंद आहे. वाटेत खाचेचा प्रत्येक सांधा संदेशाचा थोडा भाग उलट परतवतो, जशी दोरीवरची लाट गाठीपाशी परतते. वेग कमी असताना या परतलेल्या लाटेने काही बिघडत नव्हते. आता मात्र ती पुढच्या बिटात मिसळून त्याला पुसू शकते. मेमरीची चिप प्रोसेसरच्या अगदी शेजारी डाखली की तार आखूड होते आणि सांधाही राहत नाही. अभियंत्यांनी डाख पत्करला तो या कारणानेही.

डाखलेले प्रत्येक यंत्र वाईट असते असेही नाही. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचा हिरवा-पांढरा लॅपटॉप भारतात २००७ मध्ये मुंबईपासून फार दूर नसलेल्या एका धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत आला होता. त्याची २५६ मेगाबाइट मेमरी डाखलेलीच होती, तरी तो साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडता येई आणि जास्तीचे स्क्रू त्याच्या मुठीतच ठेवलेले असत. म्हणजे दुरुस्त होणे आणि वाढवता येणे हे दोन वेगळे गुण आहेत. त्या यंत्रात पहिला होता, दुसरा नव्हता. शाळेसाठी यंत्र निवडताना या दोन्हींची स्वतंत्रपणे चौकशी करावी, असे आम्हाला वाटते.

पुन्हा खाचेकडे

अडचण भौतिकीची असेल तर तिच्यावरचा उपायही भौतिकीतच शोधायला हवा. डेल कंपनीतील टॉम श्नेल यांनी कॅम नावाची नव्या तऱ्हेची मेमरी पट्टी तयार केली आणि २०२२ मध्ये ती त्या कंपनीच्या लॅपटॉपमध्ये आली. ही पट्टी तिरकी खुपसायची नसते. ती आडवी ठेवून स्क्रूंनी दाबली की खालचे स्प्रिंगसारखे संपर्कबिंदू तिला थेट टेकतात. जाडी कमी होते, वाट आखूड होते आणि सांध्यावरून परतणारी लाटही सौम्य होते. एका कंपनीची ही कल्पना तिच्याच ताब्यात राहिली असती, तर १९८५ सालच्या मेमरी कार्डांचीच गत झाली असती. पण ती जेडेककडे गेली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये कॅम-२ हे सर्वांसाठीचे मानक प्रसिद्ध झाले. २०२४ मध्ये या मानकातील कमी शक्तीची मेमरी बसवलेला लॅपटॉप लेनोव्हो कंपनीने आणला. २०२१ पासून फ्रेमवर्क नावाची नवी कंपनी तर असे लॅपटॉप विकते की ज्यांची मंडलपट्टीसुद्धा ग्राहकाने घरी बदलावी.

कायदेही या दिशेने सरकत आहेत. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या शेजारी त्याची दुरुस्ती किती सोपी आहे याचे १० पैकी गुण लिहावे लागतात. युरोपीय संघाच्या २०२३ सालच्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातील बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी माहितीचे संकेतस्थळ सुरू केले.

या साऱ्याचे महत्त्व एका आकड्यावरून कळेल. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो वापरताना नव्हे, तर बनवतानाच पडून गेलेला असतो. त्यामुळे जुने यंत्र चार वर्षे अधिक चालवणे ही केवळ काटकसर राहत नाही.

शाळेसाठी थोडेसे

कपाटातला लॅपटॉप हाती घेतला की आधी त्याचा नमुना क्रमांक पाहावा आणि त्याचे दुरुस्ती-पुस्तक मिळते का ते शोधावे. अनेक कंपन्या ते विनामूल्य उपलब्ध करून देतात. मेमरी खाचेत आहे का, खाचा किती, पिढी कोणती, जास्तीत जास्त किती मेमरी चालते आणि डिस्क अडीच इंची आहे की बारीक पट्टीसारखी, एवढी उत्तरे त्यात मिळतात. मगच बाजारात जावे. डिस्कवरच्या माहितीची प्रत आधी काढून ठेवावी, कारण नवी डिस्क कोरी असते. उघडण्यापूर्वी यंत्र बंद करून तार काढावी, बॅटरीची जोडणी सोडवावी आणि जमिनीशी जोडलेल्या एखाद्या धातूला हात लावून अंगावरचा स्थितिक भार घालवावा. सुमारे ३,००० व्होल्टपेक्षा कमी दाबाची ठिणगी आपल्याला जाणवतही नाही, चिपला मात्र त्याहून पुष्कळ कमी दाब पुरतो. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला दाबू किंवा टोचू नये, विद्यार्थ्यांना जवळ येऊ देऊ नये आणि ते काम जाणकारावर सोपवावे.

प्रत्येक अडचण भाग बदलून सुटत नाही, हेही सांगायला हवे. विंडोज ११ चालत नसेल तर त्याचे कारण बहुधा मेमरी नसून प्रोसेसर किंवा सुरक्षेची चिप असते, आणि ते भाग बदलता येत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्सवर आधारलेली मुक्त प्रणाली बसवता येते. केरळच्या सरकारी शाळांत मुक्त प्रणालींवर अनेक वर्षे शिकवले जात आहे. मेमरी डाखलेली असेल आणि ती २ गिगाबाइटच असेल, तर मात्र पैसे न घालणेच शहाणपणाचे. ते यंत्र रीतसर ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावे.

देण्यापूर्वी मात्र नववी-दहावीच्या वर्गात त्याचा एक तास घेता येईल. वर सांगितल्याप्रमाणे बॅटरी काढून ठेवावी आणि झाकण उघडून यंत्र टेबलावर मांडावे. मुलांनी गटागटाने यादी करावी : कोणते भाग खाचेत आहेत, कोणते स्क्रूने, कोणते चिकटवलेले आणि कोणते डाखलेले. मग प्रत्येक भागापुढे, तो बिघडला तर काय करता येईल ते लिहावे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे मिळाली तर दोन्ही याद्या शेजारी लिहाव्यात, आणि एकाचा कोणता भाग दुसऱ्यात बसतो ते मुलांनाच तपासून पाहू द्यावे.